कानामागची बट

वहिनीला वहिनी म्हणण्याचा खरा हक्क एकाच माणसाचा होता, तिच्या नणंदेचा. पण पार्लर सुरू झालं त्या आठवड्यात ही नणंद दिवसातून दहा वेळा वरच्या मजल्यावरून खाली यायची. "वहिनी, आईचा चष्मा कुठे ठेवलास?" "वहिनी, आई विचारतेय भाजी कुठली करायची?" खुर्चीत बसलेल्या बायकांनी तेच नाव उचललं. आता सव्वीस वर्षं झाली. पोस्टमनसुद्धा तिला वहिनी म्हणतो. शाळेच्या मुख्याध्यापिका वहिनीपेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या, पण त्याही मान खाली घालून म्हणतात, "वहिनी, मागून जरा कमी करा हं."

घराची पुढची खोली म्हणजे पार्लर. दोन खुर्च्या. त्यातली एक वर जाते पण खाली येत नाही, म्हणून तिच्यात ठेंगण्या बायका बसवायच्या. केस धुवायचं बेसिन, त्याच्या मानेच्या खाचेत कायम घडी केलेला टॉवेल. खिडकीच्या काचेवर नवऱ्याने हौसेने रंगवून घेतलेली ओळ: 'निरोगी केस, निरोगी आत्मविश्वास.' वहिनीला ती पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती. आत्मविश्वास काय सर्दीने आजारी पडतो, असं तिने विचारलंही होतं. पण तोवर रंग वाळला होता.

वहिनीच्या हाताला गुण होता आणि जिभेला धार. बायका दोन्हीसाठी यायच्या. केसात बोटं घातली की ती सांगायची, "पाणी पीत नाहीस. जेवतेस उभ्याने. आणि ओले केस बांधून झोपतेस." बाई दचकून आरशात बघायची आणि शेजारच्या खुर्चीतली हसायची. बँकेत काम करणाऱ्या एका बाईला तर वहिनी सरळ म्हणाली होती, "तुमच्या केसांनी माझ्याकडे तक्रार केलीय, मी फक्त निरोप देतेय." बँकवाली ते वर्षभर ऑफिसात सांगत फिरली आणि आणखी चार जणींना घेऊन आली.

आणि वहिनी सांगायची ते खरं असायचं. शाम्पू टाळूला लावायचा, टोकांना नाही. कंगवा खालून सुरू करून वर न्यायचा. बाळंतपण किंवा मोठा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, तेव्हा घाबरून डोक्याला सतरा गोष्टी फासायच्या नाहीत, डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासून घ्यायचं. आजारपणातून उठलेल्या एका मुलीला तिने आठ महिने दर पंधरवड्याला बोलावून थोडं थोडं कापून, वाढवून, तिचे केस पुन्हा रांगेला आणले होते. ती मुलगी पहिल्यांदा टोपी न घालता रस्त्याने गेली, तेव्हा वहिनी ओठ घट्ट मिटून खिडकीशी उभी होती. कुणी बोललं असतं तर रडली असती.

एक नियम मात्र ती देवाच्या बापासाठीही मोडत नसे. रंग असो, ब्लीच असो, केस सरळ करायचं औषध असो, आधी कानामागची एक बारीक बट कापायची, वाटीत ते औषध घेऊन त्यात टाकायची आणि अर्धा तास थांबायचं. बट मऊ पडली, ताणून तुटली, वाटी गरम झाली, की त्या बाईला चहा पाजून घरी पाठवायचं. बायका कुरकुरायच्या. "अहो वहिनी, मला वेळ नाही हो." वहिनी म्हणायची, "मग टक्कल करायला वेळ काढून या."

सव्वीस वर्षांत तिने ही बट एकदाच कापली नाही.

नणंदेला घरात सगळे छकू म्हणायचे. आता ती सत्तेचाळीस वर्षांची होती, वहिनीहून पाच वर्षांनी लहान, पण नाव काही तिच्याबरोबर वाढलं नाही. तिने लग्न केलं नाही. आधी करायचं नव्हतं, मग आईला पक्षाघात झाला, मग आईला माणसं ओळखू येईनात. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत छकूने सोळा वर्षं आईचं सगळं केलं. सगळं म्हणजे सगळं. वहिनी खालून जेवण पाठवायची, औषधं आणायची, नवरा रोज संध्याकाळी तासभर आईजवळ बसायचा. पण रात्रीचं आणि पहाटेचं, कूस बदलणं आणि अंथरूण बदलणं छकूचं. मागच्या वर्षी आई गेली. त्यानंतर छकू रोज सकाळी सहाला उठायची, आणि आपण कशासाठी उठलो हे आठवत नाही अशी पलंगाच्या कडेवर बसून राहायची.

म्हणून गुरुवारी तिला डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा घरात सण आल्यासारखं झालं. स्वागतकक्षात बसायचं काम होतं. आलेल्या माणसाचं नाव लिहून घ्यायचं, वेळ द्यायची, म्हाताऱ्यांना हात धरून आत न्यायचं. सोमवारी अकराला मुलाखत. छकूने अर्ज केला होता हेच कुणाला माहीत नव्हतं.

"सांगितलं का नाहीस?" भावाने विचारलं.

"नाही जमलं तर तुम्ही सगळे माझ्याकडे बघत बसला असता."

शुक्रवारी दुपारी, दोन गिऱ्हाइकांच्या मधे, ती पार्लरमध्ये आली. लांब शेपटा पदरासारखा पुढे घेतलेला. केसांचा काळा रंग एकदम सपाट होता, भांगाशी बोटभर पांढरं.

"वहिनी, जरा माणसात आण मला," ती म्हणाली. "हे फार काळं दिसतं. चेहऱ्याभोवती थोडं तपकिरी कर. त्या बँकवालीचं केलंस तसं."

वहिनीला इतका आनंद झाला की तिने हातातला चहा तसाच ठेवला. छकूने तीन वर्षांत डोक्याला हात लावू दिला नव्हता. खाली यायला जमत नाही, टोकं माझी मीच कापते, असं म्हणायची. वहिनी दर दोन महिन्यांनी चांगल्या रंगाचा एक डबा जेवणाच्या ताटाबरोबर वर पाठवायची, आणि आपण काहीतरी केलं याचं समाधान मानायची.

"मी देते तोच रंग लावतेस ना?" तिने ब्लीच कालवता कालवता विचारलं.

"हो," छकू म्हणाली.

"दुसरं काही नाही ना चोपडलंस?"

"नाही गं."

वहिनीने कात्री उचलली होती. बट कापायला हात कानामागे गेलाही होता. मग घड्याळात पाहिलं, साडेतीनची बाई येण्यात होती. आणि मनात आलं, घरच्या माणसाची कसली परीक्षा घ्यायची. हे केस छकू कॉलेजात होती तेव्हापासूनचे आपल्या ओळखीचे. तिने कात्री खाली ठेवली आणि फॉइलचे चंदेरी कागद घेतले.

चेहऱ्याभोवती आणि डोक्याच्या वर मिळून चौदा कागद बांधले. छकू आरशात स्वतःकडे बघून म्हणाली, "पोळ्या बांधून दिल्यासारख्या दिसतायत." दोघी हसल्या.

पाच-सात मिनिटांनी छकू म्हणाली, "वहिनी, गरम लागतंय."

"ब्लीच आहे. थोडं लागणारच. दम धर."

"नाही गं, जास्तच लागतंय."

"तुला इस्त्रीसुद्धा लांबून करायची सवय. बस गप."

मग वास आला. जळका नाही, गंजलेल्या नळातून यावा तसा. वहिनीने वळून पाहिलं तर वरच्या कागदातून बारीक वाफ निघत होती. तिने कागद उघडला आणि बोटाला चटका बसला. आतले केस ओल्या शेवयांसारखे लांबले आणि तिच्या हातात आले. तिने छकूला बेसिनशी ओढलं आणि गार पाणी सोडलं. एकेक कागद सुटत होता तसतसे केसांचे पुंजके जाळीवर जमत होते. टाळूवर कपाळाजवळ एक लाल डाग होता, बाकी कातडीला इजा नव्हती. वहिनीने तीन वेळा तपासलं. केसांचं मात्र काही उरलं नव्हतं. पुढे सगळीकडे दोन बोटं लांबीचे खुंट, आणि मागे कमरेपर्यंतचा शेपटा शाबूत.

"काय लावलं होतंस?" वहिनीने विचारलं. आवाज तिच्या नेहमीच्या पट्टीत गेला. "खरं सांग, छकू. हे माझ्या रंगाने होत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातली ती काळी मेंदीची पाकिटं. त्यात धातूचे क्षार असतात, हजार वेळा सांगितलंय मी. ब्लीच लागलं की पेटतात ते. तीच ना?"

छकू आरशात बघत होती. तिने टॉवेल डोक्यावर घेतला, हनुवटीखाली गाठ मारली आणि उठली. दारातून साडेतीनची बाई आत येत होती. तिला वाट देऊन छकू जिना चढून गेली. वर कडी लागल्याचा आवाज खाली स्पष्ट आला.

संध्याकाळी भाऊ वर जाऊन दार ठोठावून आला. "म्हणते सोमवारी जाणार नाही. दवाखान्याला फोन करून सांगणार आहे उद्या." तो खुर्चीत बसला. वर जाते पण खाली येत नाही त्याच खुर्चीत बसल्यामुळे त्याचे पाय लोंबत राहिले, आणि तसा तो फारच बापडा दिसत होता. "तू तिला काही बोललीस का?"

"केस जळले तिचे. बोलणार नाही तर काय गाणं म्हणू?"

"तिचे जळले ना. मग तू कशाला ओरडलीस?"

हा माणूस वर्षभरात एखादंच वाक्य बरोबर बोलायचा आणि तेही नेमकं नको तेव्हा.

जेवणाचं ताट घेऊन ती वर गेली. दाराशी बसून राहिली. बऱ्याच वेळाने कडी निघाली. छकू आईच्या पलंगावर जाऊन बसली. डोक्यावर टॉवेल तसाच. वहिनीने ताट ठेवायला जागा शोधली, मेजावर सगळे अर्जाचे कागद पसरले होते, म्हणून तिने औषधांच्या कपाटाचा खालचा कप्पा उघडला. तिथे तिचे रंगाचे डबे होते. एकावर एक नीट रचलेले, सील न फोडलेले. तिने मोजले नाहीत, पण तीन वर्षांचे तरी होते.

"त्याने टाळूला खाज यायची," छकू म्हणाली.

"मग सांगायचं नाहीस? मी दुसरा दिला असता."

"पहिल्या वेळी सांगितलं होतं. तू म्हणालीस, तू नीट धुतला नसशील. मग कसं धुवायचं ते शिकवलंस. अर्धा तास. आई आतून हाका मारत होती."

वहिनीला ते आठवत नव्हतं. पण आपण असं म्हटलं असणार हे तिला पुरेपूर पटलं.

"आज विचारलं तेव्हा तरी सांगायचंस, छकू."

"तू विचारलंस कुठे? मी देते तोच ना, म्हणालीस. नाही म्हटलं असतं तर साडेतीनच्या बाईसमोर व्याख्यान झालं असतं." छकूने नाक पुसलं. "तुझ्या पार्लरमध्ये सगळ्या बायका खोटं बोलतात, माहितीये तुला? तुझी बँकवाली जिन्यात भेटली की सांगते मला. वहिनींना सांगू नका हं, मी रोज गरम चिमट्याने सरळ करते. मुख्याध्यापिका भावजयीकडे जाऊन रंग लावतात आणि तुला म्हणतात नैसर्गिक आहे."

"मला कळतं ते. केसावरून कळतं."

"मग माझ्या केसावरून का नाही कळलं?"

दिवसभरात दहा डोकी हाताखालून जायची. हे अकरावं डोकं रोज जिन्यात, ताटापाठी, आईच्या उशाशी समोर असायचं, आणि तिने त्याच्याकडे बघायचं सोडून किती वर्षं झाली ते तिला सांगता आलं नसतं.

"सोमवारी जा, छकू," ती शेवटी म्हणाली. "माझी चूक आहे. बट न कापता औषध लावलं, शिकाऊ पोरगीसुद्धा करणार नाही असं केलं. मी ते निस्तरते. उद्या सकाळी बस, मी सगळे एका लांबीचे छोटे कापते. नाहीतर केसांचा टोप आणते, मागे एका नवरीसाठी आणलेला—"

"तू नको."

"म्हणजे?"

"तू कापू नकोस. तू कापशील आणि कापता कापता बोलशील." छकूने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "मी समोरच्याकडे जाते. तिथे जमलं तर सोमवारी जाईन. नाहीतर नाही."

समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडे काचेचं दार असलेलं सलून. दोन वर्षांपूर्वी उघडलं. चालवणारा पस्तिशीतला, चष्मा लावणारा, कमी बोलणारा माणूस. वहिनी त्याचं नाव घेत नसे, त्याला 'समोरचा' म्हणायची. तो दिसला की मान इतकीच हलवायची की हलवली नाही असंही म्हणता यावं.

"मी येऊ बरोबर?" वहिनीने विचारलं. आपण हे विचारलं यावर तिचाच विश्वास बसला नाही.

छकूने जरा विचार केला. "ये. पण बाकावर बसायचं."

शनिवारी दुपारी वहिनीने आपल्या दाराला कुलूप लावलं आणि रस्ता ओलांडला. तो रस्ता ओलांडायला बारा पावलं लागतात, पण त्या दिवशी सगळी गल्ली खिडकीत उभी आहे असं तिला वाटत होतं. नव्हतं कुणीच. फक्त फळवाला म्हणाला, "वहिनी, आज तिकडे?" त्यावर छकू म्हणाली, "माझ्या सोबतीला आल्यात," आणि वहिनीला पहिल्यांदाच तिचा हेवा वाटला, इतकं सोपं उत्तर तिला सुचलं याचा.

समोरच्याने दोघींना पाहिलं. टॉवेल पाहिला. वहिनीला नमस्कार केला. "बसा ना, वहिनी," म्हणाला, आणि बाकावरची मासिकं बाजूला केली. छकूला खुर्चीत बसवून त्याने टॉवेल सोडला. त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. वहिनीने ते बारकाईने पाहिलं, कारण तिच्या चेहऱ्यावर नक्की उमटलं असतं.

मग तो स्टूल ओढून छकूच्या समोर बसला. उभं राहून नाही, आरशातूनही नाही. "आत्तापर्यंत काय काय लावलंय केसांना? आठवेल तसं सांगा. मला फक्त माहीत असायला हवं."

छकूने एकदा आरशातून बाकाकडे पाहिलं. मग सुरू झाली. काळी मेंदी, दर महिन्याला, तीन वर्षं. त्याआधी कांद्याचा रस, कारण आईची पट्टी बदलायला यायची त्या नर्सने सांगितलं होतं. अंडं, दोनदा, वास गेला नाही म्हणून सोडलं. कॉफीची पूड. आईच्या पाठीच्या जखमांना लावायचं एक मलम उरलं होतं, ते टाळूला, कारण त्याने कातडी मऊ होते असं वाटलं. कपडे धुवायचा साबण, शाम्पू संपला होता आणि खाली मागायला जायचं नव्हतं तेव्हा.

"बरं," समोरचा म्हणाला. "अजून काही?"

वहिनीने बाकाची कड धरून ठेवली होती. साबणाला ती जवळजवळ उठली होती.

"दोन वर्षांपूर्वी खूप गळायला लागले," छकू म्हणाली. "मूठभर यायचे. आई तेव्हा रात्रभर जागायची. मला वाटलं, मेंदीने झाकलं जाईल."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"आईच्या डॉक्टरांना विचारणार होते. पण ते आईसाठी यायचे, मधे माझं कुठे काढायचं."

"आता दाखवून घ्या. रक्त तपासायला सांगतील. आरसा बघून कळायचं नाही ते."

"आरसा नव्हताच वर," छकू अगदी साध्या आवाजात म्हणाली. "आईला त्यात दुसरी बाई दिसायची. घाबरायची. म्हणून भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. मग तसाच राहिला."

वहिनी त्या खोलीत रोज दोनदा जायची. भिंतीकडे तोंड करून ठेवलेला आरसा तिने पाहिला होता. आईच्या कशासाठी तरी केलं असेल, असं वाटून ती पुढे गेली होती. तिने मासिक उघडलं आणि एकही अक्षर न दिसता त्यात बघत राहिली.

समोरच्याने एक बट उचलून ताणून पाहिली. "रंग आज नाही. सहा महिने तरी काही लावायचं नाही. कापायचे. पुढे आहेत तितकेच मागे केले तर एकसारखे वाढतील. म्हणजे फार छोटे." त्याने आरशातून बाकाकडे पाहिलं. "वहिनी, मागे मानेशी तुम्ही काय कराल? तिथे वेगळी वाढ आहे, भोवरा आहे."

वहिनीला तो भोवरा माहीत होता. त्याच्यावर काय करायचं, कात्री कशी आडवी धरायची, मानेची कड सरळ न ठेवता जरा मोडायची, सगळं तिच्या बोटात होतं. बोटं उठलीसुद्धा.

"तिला विचारा," ती म्हणाली. "तिचं डोकं आहे."

छकूने आरशात तिच्याकडे इतका वेळ पाहिलं की समोरच्याने उगाच कंगवा पुसून घेतला. मग ती म्हणाली, "मानेवर टोचतील असे नकोत. बाकी चालेल. कापा."

शेपटा त्याने वरून बांधून घेतला आणि एका दमात कापला. हातात धरून विचारलं, "घरी न्यायचाय?"

"नको," छकू म्हणाली. "घरी नेला तर वहिनी त्यालाही सल्ला देईल."

समोरचा हसायचं नाही म्हणून खोकला. वहिनी मात्र हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून जे आलं ते तिने मासिकाने पुसलं.

केस कापून झाले तेव्हा खुर्चीत एक बाई होती जिला मोठे कान होते, रुंद कपाळ होतं आणि आईसारखी हनुवटी होती. सुंदर वगैरे दिसत नव्हती. आजारातून उठल्यासारखी, किंवा कामावर निघाल्यासारखी. छकूने स्वतःच्या मानेवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला.

"हलकं वाटतंय," ती म्हणाली. "कसं दिसतं ते कळत नाहीये."

"कळेल दोन दिवसांनी," समोरचा म्हणाला.

वहिनीच्या तोंडात सहा वाक्यं तयार होती. त्यातली चार कौतुकाची होती. पण कौतुकाचीही तिने गिळली, कारण तिचं कौतुक कुठे संपतं आणि सूचना कुठे सुरू होते हे तिला काल रात्रीपासून नीट सांगता येत नव्हतं. "चल," एवढंच म्हणाली. दारात समोरच्याला म्हणाली, "हात चांगला आहे तुमचा." त्याने मान हलवली, चांगली दिसेल अशी.

रविवारी छकूने आरसा सरळ केला. वहिनी ताट घेऊन गेली तेव्हा ती त्याच्यासमोर बसून कंगव्याने तीन केस इकडचे तिकडे करत होती. "अजून ठरवलं नाहीये," वहिनी काही विचारायच्या आत ती म्हणाली. वहिनीने ताट ठेवलं आणि खाली आली. रोजच्यापेक्षा दोन पायऱ्या हळू.

सोमवारी साडेदहाला जिन्यावर पावलं वाजली. पार्लरचं दार उघडं होतं. छकू थांबली नाही, आत आली नाही, टोप नव्हता, रुमाल नव्हता. "जाऊन येते," एवढं म्हणून निघून गेली. वहिनीच्या हातात बँकवालीचं डोकं होतं, फेसाने भरलेलं. ती ते डोकं धुवायचं विसरली.

"वहिनी, डोळ्यात जातंय," बँकवाली म्हणाली.

छकू पावणेएकला परत आली. सुट्टी काढून आलेली बँकवाली डोक्याला रंग लावून अजून खुर्चीतच होती. स्टुलावर बसली. चपला काढल्या. पायाचा अंगठा चोळला.

"काय झालं?" वहिनीने विचारलं.

"तीन माणसं होती. दोन डॉक्टर आणि एक बाई. म्हणाले, याआधी कुठे काम केलंत? म्हटलं, सोळा वर्षं एकाच ठिकाणी, चोवीस तास. ती बाई हसली. मग विचारलं, दिसत नसलेल्या माणसाला खुर्चीपर्यंत कसं न्याल? ते मी करूनच दाखवलं. मोठ्या डॉक्टरांना उठवलं, त्यांचा हात माझ्या कोपरावर ठेवला आणि नेऊन बसवलं."

"आणि केसांचं कुणी काही..."

"कुणी बघितलंसुद्धा नाही. मला वाईटच वाटलं जरा. इतकं झालं त्याच्यावरून आणि एक शब्द नाही." छकूने हाताने वारा घेतला. "संगणकाचं विचारलं. येतो का म्हणाले. मी येतो म्हणणार होते, अगदी तोंडावर आलं होतं. मग म्हटलं नको. खोटं बोलून काय होतं ते डोक्यावर घेऊन बसलेय इथे. म्हटलं, येत नाही, शिकेन. शिकवणारा ओरडणारा नको फक्त."

बँकवाली आरशात एकदम खाली बघायला लागली.

"मग?"

"बुधवारी बोलावलंय. महिनाभर बघतील. मग सांगतील."

वहिनीने टॉवेल घेतला आणि हात पुसले, जरुरीपेक्षा जास्त वेळ. छकू उठून आरशाशी गेली, नाकावरचा घाम टिपला आणि मोठ्या डॉक्टरांना कसं नेलं ते पुन्हा पहिल्यापासून बँकवालीला सांगायला लागली, त्यांना डोळे मिटायला कसं सांगितलं त्यासकट. तिची पाठ वहिनीकडे होती. मागे मानेशी, त्या भोवऱ्यावर, एक पुंजका कोंबड्याच्या तुऱ्यासारखा सरळ उभा होता. समोरच्याने तिथे जरा जास्त ठेवले होते. म्हणजे छकू हा तुरा मिरवत पूर्ण मुलाखत देऊन आली होती. पाण्याचा एक हात फिरवला असता तर बसला असता.

वहिनीने तो तुरा नीट पाहून घेतला.

"चहा टाकू?" तिने विचारलं. "का आधी जेवतेस?"